अण्णांची चौदावी खेप

घर भाड्यानं देण्याआधी अण्णांनी मला तीन प्रश्न विचारले. नोकरी कुठे, माणसं किती, मांसाहार करता का, यांपैकी एकही त्यांत नव्हता.

"उदबत्ती लावता?"

"नाही."

"डासांची कॉइल?"

"मच्छरदाणी लावते."

"बेश. आणि हात कशानं धुता?"

"साबणानं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"धुवा. पण खाली यायचं असेल तर नंतर साध्या पाण्यानं तीनदा धुवायचे. चौथ्यांदा धुतलेत तरी चालेल."

माझ्या हातात वही होती. पुण्याहून बदली होऊन बेंगळुरूला आले तेव्हा घर बघताना विचारायचे चौदा प्रश्न मी लिहून नेले होते. पाणी किती वाजता येतं, वीज गेली तर काय, गच्चीवर कपडे वाळत घालता येतात का, वगैरे. त्यांतला पहिला विचारताच अण्णा म्हणाले, "ते सगळं अक्काला विचारा. मी फक्त खालच्या खोलीचं बघतो," आणि निघून गेले. चामराजपेटेतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं राहिले. मग ऑफिस हललं आणि मी हेब्बाळला आले. इथे कुणी मला हात तीनदा धुवायला सांगत नाही. मी मात्र अजून धुते.

अण्णांचं घराणं मराठी, पण कुठल्या पिढीत कुठून आलं ते त्यांना सांगता येत नसे. घरात मराठी बोलत, पण मध्येच कानडी कधी शिरली ते त्यांनाही कळत नसावं. अख्खी गल्ली त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला अक्का म्हणे. नवरा-बायकोला असं भाऊ-बहीण करून टाकणं मला पहिला आठवडाभर जड गेलं, मग मीही म्हणू लागले. धंदा घड्याळदुरुस्तीचा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं टीचभर दुकान होतं. लोक फोनवर वेळ बघू लागले तसं ते सकाळच्या दोन तासांवर आलं, आणि उरलेले बावीस तास अण्णांनी माशांना देऊन टाकले.

खालच्या खोलीत, म्हणजे खरं तर त्या घराच्या दिवाणखान्यात, काचेच्या सात टाक्या होत्या. पाहुणे जिन्यावर बसत. टाक्यांत समुद्राचं पाणी, आणि ते समुद्रापासून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या गावात. अण्णा ते स्वतः तयार करत. गाळलेल्या पाण्यात खास मीठ घालून दिवसभर घुसळत ठेवायचं, मग खारटपणा मोजायचा. मोजायला यंत्र होतं, पण अण्णा आधी बोट बुडवून जिभेला लावत. "स्वल्प कमी," असं ठरवूनच यंत्राकडे जात. यंत्र वेगळं काही म्हणालं तर यंत्र पुसून पुन्हा बघत, जिभेवर मात्र कधी संशय घेत नसत.

त्या टाक्यांत राहत क्लाउनफिश. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला, बोटाएवढा मासा. अण्णा त्यांना जोकर म्हणत. पण मधल्या टाकीतली जोडी जोकर नव्हती. त्यांतली मोठी ती 'बाईसाहेब' आणि छोटा तो 'यजमान'. या माशांत मादी मोठी असते आणि हुकूम तिचाच चालतो. तिनं अंडी घालायची आणि यजमानांनी आठ दिवस त्यांना पंखांनी वारा घालायचा, खराब झालेली वेचून काढायची, कुणी जवळ आलं तर अंगावर जायचं. बाईसाहेबांना अंडी घालायला अण्णांनी मडकी आणून दिली, खापरं दिली, गुळगुळीत दगड दिले. त्यांना पसंत पडला तो शेवटी मंगळुरी कौलाचा तुकडा. तोही अक्कांच्या न्हाणीघराच्या छपरावरचा. छप्पर गळायला लागल्यावर ही गोष्ट उघडकीला आली.

येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा एक माहिती हटकून सांगत. "यांच्यात जन्मतः सगळे नरच. मादी मेली की तिचा नर हळूहळू स्वतःच मादी होतो आणि घर चालवतो."

अक्का आतून म्हणायच्या, "म्हणजे मी गेले की तुम्ही अक्का होणार का? आधी भात लावायला शिका."

अंड्यांवर अण्णांचं लक्ष घड्याळजीच्या भिंगातून असे. तेच, डोळ्याच्या खोबणीत बसवायचं काळं भिंग. काचेला नाक टेकवून ते कौलाकडे बघत. पहिल्या दिवशी अंडी नारिंगी, मग करडी, आणि आठव्या दिवशी त्यांत चंदेरी ठिपके चमकू लागत. "डोळे आले!" अशी हाक आली की समजायचं, आज संध्याकाळी सातला घर बंद. कारण पिल्लं अंधार पडल्यावरच अंड्यातून बाहेर पडतात. अण्णा कौल उचलून काळ्या कागदात गुंडाळलेल्या वेगळ्या टाकीत ठेवत आणि घरातला झाडून सगळा उजेड घालवत. जिन्यातला दिवा, देवापुढची समई, अक्कांची टीव्ही-मालिका. मी ऑफिसातून येऊन चाचपडत जिना चढे. एकदा समोरच्या घरातले गृहस्थ धावत आले, "अण्णा, तुमची एकट्याचीच वीज गेलीय," म्हणत. अण्णांनी अंधारातूनच त्यांना सांगितलं, "गेली नाही. प्रसूती चाललीय." ते बिचारे 'कुणाची?' एवढंही न विचारता परत गेले.

अंड्यातून पिल्लू बाहेर पडलं म्हणजे झालं असं मला वाटे. तसं नव्हतं. पिल्लू म्हणजे दोन डोळे आणि एक शेपटी, बाकी पारदर्शक. दहाव्या-अकराव्या दिवशी त्याला पहिली पांढरी पट्टी येते. पट्टी आली की तो मासा झाला, बहुतेक जगतो. आणि अण्णांकडे पट्टी कधीच आली नव्हती. तेरा खेपा झाल्या होत्या. प्रत्येक खेपेला शे-दीडशे पिल्लं पहिले सात दिवस व्यवस्थित पोहत. आठव्या-नवव्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाशी पांढरा थर दिसे. अण्णा त्या दिवशी दुकान उघडत नसत. अक्का अशा वेळी काही टोमणा मारत नसत. जेवायला मात्र दोनदा हाक मारत.

चौदाव्या खेपेची अंडी आली तेव्हा अण्णांनी आम्हां दोघींसमोर जाहीर केलं, "या खेपेला पट्टी आली नाही तर बंद. जोडी कुणाला तरी देऊन टाकतो. दर दोन महिन्यांनी शंभर पोरं पुरायची, हे काही बरं नव्हे."

"खरंच?" अक्का म्हणाल्या. दिवाणखाना परत मिळण्याची शक्यता त्यांना पहिल्यांदाच दिसली होती, तरी त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

एवढं होऊनही अण्णांनी कधी कुणाला विचारलं नाही की आपलं चुकतंय कुठे. विचारायला एकच माणूस होता. एचएसआर लेआउटमध्ये राहणारा, नागपूरचा, आयटीत काम करणारा एक तरुण. तोही हेच मासे वाढवत असे. एकदा तो टाक्या बघायला आला होता. त्याच्याकडे उजेड, तापमान, खाणं, सगळं फोनवरून चाले. त्यानं खोलीभर नजर फिरवून म्हटलं, "अण्णा, सेटअप थोडा जुना होऊन राहिला नं. ऑटोमेट करून टाका."

अण्णांनी विचारलं, "तुझा मासा अंडी फोनवर घालतो का?"

"नाही."

"मग तू ये आता."

तो मुलगा चप्पल घालेपर्यंत अण्णा दार धरून उभे होते. त्यानंतर त्याचा उल्लेख 'फोनवाला' असाच होई.

चौदाव्या खेपेची पिल्लं पाच दिवसांची झाली त्या दिवशी आयुधपूजा होती. बेंगळुरूत या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार-यंत्र धुऊन, त्याला हळद-कुंकू लावून विश्रांती देतात. सुरीपासून स्कूटरपर्यंत. अक्कांचे गुडघे दुखत होते, म्हणून मी म्हटलं, खालचं मी करते. मला अशी कामं आवडतात. मी वहीत 'घासायच्या वस्तू' अशी यादी केली. शिडी, अडकित्ता, शिवणयंत्र, किसणी, अशा अकरा. नववी होती बादली. खालच्या खोलीच्या कोपऱ्यात असलेली पांढरी बादली, तळाला गढूळ पाणी.

आता इथे सांगायला हवं की त्या खोलीतली प्रत्येक वस्तू मला माहीत आहे असा माझा समज होता. पिल्लांना जे खाऊ घालतात ते जिवंत असतं, रोटिफर नावाचं, डोळ्यांना धुळीएवढंही न दिसणारं, हे मी ऐकलं होतं. अण्णा त्याला 'जेवण' म्हणत. ते एखाद्या बरणीत असेल अशी माझी कल्पना. त्या बादलीत एरवी हवेची नळी बुडबुडत असते. पण आयुधपूजा म्हणून अण्णांनी हवेचा पंप तासभर बंद करून, नळीसकट पुसून देवापुढे ठेवला होता आणि ते दुकानातल्या चिमट्यांची पूजा करायला गेले होते. उरली नुसती बादली आणि घाणेरडं पाणी. मी ते मोरीत ओतलं. बादली साबणानं घासली, साध्या पाण्यानं तीनदा धुतली, पालथी घातली, कुंकवाची बोटं ओढली, वर एक झेंडू ठेवला आणि यादीत नऊवर खूण केली.

अण्णा अकराला परत आले. हातात झेंडूच्या माळा. कोपऱ्यात बघितलं आणि थांबले. मग वाकून बादलीवरचं फूल उचललं, बादली उलटी करून आत पाहिलं.

"छान घासलीत," ते म्हणाले.

आणि स्टुलावर बसले. माळा हातातच.

"काय झालं हो?" अक्कांनी विचारलं.

"पोरांचं जेवण होतं त्यात."

मी विचारलं, "थोडं तरी कुठे शिल्लक असेल?"

"टाकीत काल टाकलेलं आहे. रात्रीपर्यंत पुरेल. उद्या सकाळी बंद. त्याहून मोठं खाणं तोंडात मावायला अजून तीन दिवस हवेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. "जाऊ दे. बंद करायचं होतंच. आठवा दिवस येणार होता, तो पाचव्याला आला."

अशा वेळी मी रडत नाही, यादी करते. "बेंगळुरूत हे अजून कुणाकडे आहे?"

"एकानं सोडलं. एक मंगळुरूला गेला."

"आणि?"

अण्णा माळेतला गुंता सोडवू लागले.

"आणि फोनवाला," अक्का म्हणाल्या.

"त्याच्याकडे मी मागणार नाही."

"तुम्ही नका मागू. पोरं उपाशी आहेत, पोरांनी मागितलं म्हणा."

"चूक माझी आहे, मागणार मी," मी म्हटलं. "नंबर द्या."

अण्णांनी नंबर दिला नाही. पण खिशातून फोन काढून स्टुलावर ठेवला आणि ते माशांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या फोनमध्ये त्याचं नावही 'फोनवाला' असंच होतं.

एचएसआरला जायला त्या दिवशी दीड तास लागला. रस्ताभर फोडलेले कोहळे, प्रत्येक बसला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट. माझ्या रिक्षालाही होते, प्रत्येक वळणावर पानं माझ्या तोंडावर येत. मी निघताना अण्णांनी विचारलं होतं, "तो काही बोलला तर?" मी म्हटलं, "लिहून आणते."

त्या मुलानं दार उघडलं ते हसतच. "या मॅम. अण्णा कसे आहेत? त्यांनी मला हाकललं होतं."

"माहीत आहे."

"भारी माणूस पण. अशी जोडी मी कुठे बघितली नाही." माझ्या फोननंतर त्यानं दोन कॅन भरून ठेवले होते. "दिवसातून दोनदा थोडं-थोडं काढा. एक सांगा, अण्णा काय खाऊ घालून राहिले रोटिफरला?"

"रोटिफरलाही खाऊ घालावं लागतं?"

"म्हणजे काय! ते जे खातील तेच पिल्लांच्या पोटात जाणार नं."

मी तिथूनच अक्कांना फोन लावला. त्यांनी आत विचारून सांगितलं, "यीस्ट म्हणतात. बेकरीतलं."

तो मुलगा डोक्याला हात लावून खाली बसला. "तरीच! आठव्या दिवशी मरत असतील, बरोबर? मॅम, यीस्टनं पोट भरतं, ताकद येत नाही. पट्टी यायच्या वेळी पिल्लाचं सगळं शरीर बदलतं, तेव्हा ताकद लागते. हे घेऊन जा." त्यानं फ्रिजमधून दाट हिरव्या शेवाळाची बाटली काढली. "रोटिफरला हेच द्यायचं."

कॅन मांडीवर घेऊन मी परत निघाले. रिक्षावाल्यानं आरशातून बघत विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, जेवण.

अण्णा दारातच होते. भिंग आधीच डोळ्यात. कॅनमधला एक थेंब काचेवर घेऊन त्यांनी उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"जाडजूड आहेत," शेवटी म्हणाले. "आपले असे कधी नव्हते."

मग मी यीस्टचं सांगितलं. वहीत लिहून आणलं होतं तसंच, एक शब्द न गाळता. अण्णांनी भिंग काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं, पुन्हा पुसलं.

"तेरा खेपा," ते म्हणाले. "भरल्या पोटी उपाशी."

अक्कांनी चहा आणून ठेवला. तो तसाच निवला. पण तोवर अण्णा टाकीशी होते, रोटिफर सोडून त्यांच्यासाठी हिरवं थेंब थेंब मोजून घालत.

सहावा दिवस गेला, सातवा गेला. आठव्या सकाळी मी ऑफिसला उशिरा येईन असं कळवून टाकलं. खाली आले तर अण्णा टाकीकडे पाठ करून बसलेले. "तुम्ही बघा," म्हणाले. मी बघितलं. तळ स्वच्छ होता. अगदीच स्वच्छ नव्हता, काही गेली होती, पण बाकीची पोहत होती. नवव्या दिवशीही होती. दहाव्या दिवशी अण्णा सकाळपासून भिंग लावून बसले आणि दुपारी तिथेच बसल्याबसल्या डुलक्या घेऊ लागले. त्यांना जेवायला उठवायला अक्का आल्या, ज्या त्या टाकीत कधी डोकावतही नसत.

"अहो, ह्या एकाच्या डोक्याला काय चिकटलंय बघा. खडू लागल्यासारखं."

अण्णा उठले ते स्टूल पाडूनच. भिंग सापडेना. ते डोळ्यातच होतं. त्यांनी काचेला नाक लावलं आणि तसेच राहिले. मग एक हात मागे करून, न बघता, त्यांनी अक्कांचा पदर धरला आणि त्यांना जवळ ओढलं.

"खडू नाही," म्हणाले. "खडू नाही गं."

त्या खेपेतली एकोणीस शेवटी जगली. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांच्या डोक्याला खडू लागला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला फोन लावून द्यायला सांगितलं, "त्या मुलाला," आणि त्याला स्वतः जेवायला बोलावलं. तो रविवारी आला, चप्पल बाहेर काढून, न सांगता हात धुऊन. पिल्लं बघून ओरडलाच. जाताना म्हणाला, "अण्णा, सगळं दिवसवार लिहून द्या नं. आमच्या ग्रुपवर टाकतो. कितीतरी जणांची आठव्या दिवशी जातात."

अण्णांनी जन्मात कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. तो गेल्यावर त्याच दुपारी त्यांनी जिन्यातून हाक मारली, "वही घेऊन या." मी खाली बसले, ते येरझारा घालत सांगू लागले. अक्का पलीकडे शेंगा सोलत होत्या.

"पहिला दिवस. उजेड मंद. लिहिलंत? मुंदे." मुंदे म्हणजे पुढे. "दुसरा दिवस. पाणी बदलायचं ते वाटीनं, बादलीनं नाही. मुंदे. रोटिफरना यीस्ट घालू नये. मी तेरा खेपा घातलं."

"हे असंच लिहू? 'मी' म्हणून?"

"असंच लिहा. मुंदे. पाचवा दिवस."

माझं पेन थांबलं. अक्कांचे हात थांबले. मी म्हटलं, "अण्णा, इथे मी माझं नाव घालते. आयुधपूजेच्या दिवशी चुकून..."

"मी सांगतो ते लिहा," अण्णा म्हणाले. छताकडे बघत, शब्द निवडत. "पाचव्या दिवशी जुन्या जेवणाची बादली पूर्ण रिकामी करावी आणि साबणानं स्वच्छ घासावी."

अक्का शेंगांच्या सुपावर वाकून हसत होत्या. "आणि कुंकू?"

अण्णांनी यावर खरोखर विचार केला.

"लिहा," ते म्हणाले. "कुंकू ऐच्छिक. मुंदे. सहावा दिवस."